नाताळच्या झाडाचा खोडवा

फोनला हल्ली जुने फोटो आपणहून वर काढायची खोड लागली आहे. परवा त्याने मागच्या डिसेंबरातला एक फोटो दाखवला आणि मी काही विचार न करता तो आमच्या महिला मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला. फोटोत मी आहे. अंगात जावयांचा रेनकोट, डोक्यावर लोकरीची टोपी आणि हातात चांगली दोन फुटांची करवत. मागे डोंगरउतारावर ख्रिसमसच्या झाडांच्या रांगा. माझं ते ध्यान मला गमतीचं वाटलं होतं. गटावर पाच मिनिटांत पहिला प्रश्न आला, "काकू, तुमच्या हातात करवत?" दुसरीने लिहिलं, "आपल्या जैन घरात ख्रिसमस ट्री कशाला?" तिसरीने नुसते हात जोडले. त्या हात जोडण्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

उत्तर गटावरच लिहायला बसले होते, पण ते दोन ओळींत मावेना. म्हणून इथे लिहिते.

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते, कारण ते थोडक्यात आटपणारं आहे. नातू तिकडेच जन्मला. त्याच्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी डिसेंबरात झाड येतं. त्यात हिंदू आहेत, शीख आहेत, चिनी आहेत. हाच मुलगा दिवाळीला निर्वाणलाडू चढवायच्या वेळी आमच्या आधी आंघोळ करून तयार असतो. झाडाला चार दिवे लावल्याने त्याचा धर्म बुडेल इतका तो कच्चा असेल, तर दोष झाडाचा नाही, आमच्या शिकवण्याचा आहे. सण दुसऱ्यांचा आहे ही माझी अडचण कधीच नव्हती. माझी अडचण होती ती झाडाची. जिवंत झाड तोडून आणायचं, तीन आठवडे घरात मिरवायचं आणि जानेवारीत रस्त्याच्या कडेला ठेवून द्यायचं.

लेक कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहते. हिवाळ्यात मी तिच्याकडे याआधी दोनदा गेले होते आणि दोन्ही वेळा घरात झाड नव्हतं. मला वाटलं, ही मंडळी आणतच नसतील. मागच्या वर्षी नोव्हेंबरात पोहोचले आणि चार दिवसांतच नातवाने, वय वर्षं नऊ, सहज सांगून टाकलं, "आजी, तू येतेस त्या वर्षी आपल्याकडे ट्री नसतो." मी लेकीकडे पाहिलं. ती एकदम सिंकमधली भांडी घासायला लागली, जी डिशवॉशरमध्ये जायची होती.

मी "आणू नका" असं कधी म्हटलं नव्हतं. पण अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी न चिरणाऱ्या आईसमोर सात फुटी हिरवंगार झाड तोडून आणून हॉलमध्ये उभं करायचं धाडस कोण करणार? म्हणजे मी असेपर्यंत अहिंसा आणि मी विमानात बसले की करवत. मला ते फार लागलं. झाड तोडण्यापेक्षा जास्त लागलं, खरं सांगते. एकतर लेक माझ्यापासून लपवत होती; आणि त्या पोराच्या हिशोबात आजी म्हणजे झाड न येण्याचं कारण झाली होती. रात्रभर विचार केला आणि सकाळी चहाच्या वेळी म्हटलं, "यंदा झाड आणायचं. मी पण येणार."

लेक म्हणाली, "आई, तू तिथे येऊन दुखावशील. तू गाडीत बस हवं तर, आम्ही पटकन तोडून आणतो."

गाडीत बसण्याचा विचार मीही केला होता. पण पाठशाळेत लहानपणी घोकलेलं आठवलं, कृत, कारित, अनुमोदना. स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, किंवा केलेल्याला मान डोलावली, तिन्ही कर्मबंधाचीच कारणं. गाडीत काच वर करून बसायचं, मग घरी आल्यावर त्याच झाडाखाली बसून "किती छान दिसतंय गं" म्हणायचं, यात मी सुटले कुठे? हात तेवढे कोरडे राहिले असते.

निघण्यापूर्वी जावयांनी हॉलची उंची मोजली. आठ फूट. मला वाटलं हे जरा जास्तच होतंय, पण नंतर कळलं की ते शहाणपणाचं होतं. मोकळ्या आकाशाखाली सात फुटांचं झाड खुजं वाटतं आणि घरात आणलं की छताला टेकतं. शिवाय खाली स्टँड, वर चांदणी. म्हणून छतापेक्षा निदान एक फूट कमी धरायचं. न मोजता जाणारे लोक घरी येऊन शेंडा छाटतात, म्हणजे वाढीची एक-दोन वर्षं नुसतीच कचऱ्यात.

फ्रीमाँटहून सॅन होजेच्या पुढे सतरा नंबरचा हायवे सांताक्रूझच्या डोंगरात चढतो. आमच्या आंबा घाटासारखी वळणं, धुकं आणि दोन्ही बाजूंना रेडवुडची आभाळाला टेकलेली झाडं. एकोणिसाव्या शतकात हे डोंगर लाकडासाठी बोडके केले होते, असं जावयांनी सांगितलं. मग आता दिसतात ती झाडं कुठून आली? रेडवुडची खूबी अशी की तोडलं तरी बुंध्याभोवती नवे कोंब फुटतात आणि त्यांचीच पुढे झाडं होतात. जुन्या बुंध्याभोवती गोल उभी राहिलेली अशी झाडं वाटेत ठिकठिकाणी दिसली. तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं. तासाभरात त्याचीच दुसरी तऱ्हा बघायला मिळणार आहे हे माहीत नव्हतं.

डोंगरावरच्या त्या शेतात थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवसापासून गर्दी सुरू होते. फाटकापाशी तुमच्या हातात एक करवत आणि जमिनीवर अंथरायला ताडपत्रीचा तुकडा देतात, भाव सांगतात, बास. तिथे भाव एकच होता, 100 डॉलर, झाड केवढंही असो. (हा भाव ठरवणाराने बहुतेक कॉमर्स केलं नसावं. पण मग लक्षात आलं, सगळे काही सर्वात उंच झाड नेत नाहीत, घरांना छतं असतात.) करवत माझ्या हातात आली ती अशी, नातवाला बुटाची नाडी बांधायची होती म्हणून त्याने ती आजीकडे दिली आणि जावयांनी तेवढ्यात फोटो काढला. "काकू, तुमच्या हातात करवत?" या प्रश्नाचं हे सरळ उत्तर. पण ती हातात आली तेव्हा मला जे आठवलं तेही सांगते. अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत एक ‘हिंसादान’ आहे, म्हणजे कुऱ्हाड, तलवार, कुदळ अशी साधनं दुसऱ्याच्या हाती देणं. आणि एक ‘प्रमादचर्या’ आहे, म्हणजे कारण नसताना जमीन खणणं, पाणी सांडणं, पानं-फांद्या तोडणं. फाटकापाशी ती बाई पहिलं करत होती आणि आम्ही दुसरं करायला रांगेत उभे होतो.

जमीन ओली होती. मी सवयीने खाली बघत चालत होते, तर पाचोळ्यात एक पिवळीधमक, वीतभर लांब, बिनशंखाची गोगलगाय. बनाना स्लग म्हणतात. सांताक्रूझच्या विद्यापीठाने तिलाच आपलं मानचिन्ह केलं आहे! वाघ-सिंह सोडून गोगलगाय निवडणारं विद्यापीठ मला फार आवडलं. आम्ही तिला वळसा घालून गेलो आणि मागून येणाऱ्या मंडळींनाही नातवाने हात आडवा करून थांबवलं.

आता निवडीबद्दल. तिथे बरीचशी झाडं डग्लस फरची होती, काही व्हाइट फरची. नोबल फर नावाची देखणी, कडक फांद्यांची झाडं तयार तोडलेली होती, ती ऑरेगनहून ट्रकने येतात. अमेरिकेत या झाडांचं सर्वात मोठं पीक ऑरेगनमध्येच होतं. फरचं पान चपटं आणि मऊ, हातातून ओढलं तर टोचत नाही. स्प्रूसचं पान चौकोनी आणि टोचरं; दोन बोटांत फिरवलं की कडा लागतात. पाइनची पानं जुडीजुडीने येतात. डग्लस फर हा खरं तर फर नव्हेच, वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याची प्रजाती वेगळी काढली आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. त्याचं पान चुरगाळलं की संत्र्याच्या सालीसारखा वास येतो. आणि त्याच्या फळाच्या खवल्यांमधून तीन टोकांचं काहीतरी बाहेर आलेलं असतं, ते अगदी उंदराचे मागचे दोन पाय आणि शेपूट दिसतं. आगीतून वाचायला उंदीर फळात शिरले, अशी तिकडे गोष्ट सांगतात. नातवाने ते शाळेत शिकलेलं मला दाखवलं. मला प्रत्येक खवल्याखाली एकेक जीव दडलेला दिसायला लागला.

पाऊण तास झाला तरी त्याचं झाड ठरेना. चारी बाजूंनी फिरून बघायचं, खोड सरळ आहे का, एका अंगाला विरळ तर नाही, खाली स्टँडमध्ये बसेल इतकं खोड मोकळं आहे का. साडी खरेदीला मी त्याच्यापेक्षा लवकर आटपते. शेवटी एक साडेसहा फुटी डग्लस फर पसंत पडला. जावई ताडपत्री टाकून आडवे झाले आणि करवत अगदी जमिनीलगत लावली.

तेवढ्यात शेताची मालकीण आली. माझ्याच वयाची असावी. हात वर करून ती "थांबा, थांबा" म्हणाली आणि रांगेच्या टोकाची पाटी दाखवली, जी आमच्यापैकी कोणी वाचलीच नव्हती. खालच्या फांद्यांच्या वर कापा, बुंधा आणि त्याच्या फांद्या राहू द्या. मग तिने शेजारचं झाड दाखवलं. त्याचं खोड जमिनीपासून हातभर उंचीवर कोपरासारखं वळलेलं होतं. ते मुळात खोड नव्हतंच, फांदी होती. पूर्वी कधीतरी झाड कापून नेलं, खाली फांद्यांचा एक घेर ठेवला, त्यांतली एक फांदी वर वळली आणि तिचंच नवं झाड झालं. एकापेक्षा जास्त फांद्या वर वळल्या तर ती एक ठेवते, बाकीच्या छाटते. मुळं जुनी आणि खोल असल्यामुळे हे झाड नव्या रोपापेक्षा लवकर वाढतं, आणि उतारावरची माती पावसात धरून ठेवतं. त्या बुंध्यावरचं ते तिसरं झाड होतं.

मी मोठ्याने म्हटलं, "अगं, हा तर खोडवा!"

बाईला कळलं नाही, नातवालाही कळलं नाही, पण लेक हसायला लागली. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. वडिलांची उसाची शेती. लावण तुटून गेली की त्याच बुडख्यातून फुटतो तो खोडवा, त्यानंतर तिसऱ्या वर्षीचा निडवा. इतकी वर्षं ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मी ज्याच्याकडे परकं काहीतरी म्हणून बघत होते ते आमच्या मळ्यातलंच निघालं. पीक. मशागत केलेलं, दर उन्हाळ्यात हातात लांब पातं घेऊन निमुळतं छाटलेलं, साधारण सात वर्षांनी तोडणीला येणारं पीक. फरक इतकाच की आमचा ऊस जितका जमिनीलगत तोडावा तितका चांगला, आणि हिचं झाड जितकं वरून कापावं तितकं चांगलं.

तिथेच गवतावर उभ्या उभ्या मला मंदिरातलं ते चित्र आठवलं. तुमच्यापैकी बहुतेकींनी पाहिलं असेल, आमच्याकडे सभामंडपात डाव्या भिंतीवर आहे. फळांनी लगडलेलं जांभळीचं झाड आणि सहा भुकेले वाटसरू. काळ्या लेश्येचा म्हणतो, मुळापासून उपटू या. निळ्याचा म्हणतो, बुंध्यातून तोडू. कापोतवाला म्हणतो, मोठ्या फांद्या पुरेत. पिवळ्याचा म्हणतो, डहाळ्या. पद्मवाला म्हणतो, नुसती फळंच तोडू. आणि शुक्ल लेश्येचा म्हणतो, खाली पडलेली वेचू, तेवढीच खूप आहेत. लहानपणी मला वाटायचं, शेवटचा तेवढा चांगला, बाकीचे पाच वाईट. चित्र काही तसं काढलेलं नाही. सहा जण एका ओळीत आहेत, आणि प्रत्येक जण आधीच्यापेक्षा थोडं वर बोट दाखवतो आहे.

जावयांची करवत निळ्याच्या जागी लागली होती. मालकिणीने ती हातभर वर नेली. म्हणजे फार तर कापोतापर्यंत आलो, फुशारकी मारण्यासारखं काही नाही. पण त्या हातभर अंतरात एक जीव वाचला. मी गाडीत बसून राहिले असते तर ते मला दिसलंही नसतं.

झाड मी धरलं, हेही सांगायला हवं. करवतीचं पातं अडकू नये म्हणून कोणीतरी दुसऱ्या बाजूने झाड किंचित तोलून धरावं लागतं. नातवाने वडिलांसोबत करवत ओढली आणि मी खोड धरून णमोकार म्हणत उभी होते. शेवटच्या दोन ओढींत झाड एकदम हलकं झालं आणि सगळा भार माझ्या हातावर आला. डिंकाचा वास दोन दिवस हाताला होता. "दुखावलीस का?" असं लेकीने गाडीत हळूच विचारलं. मी "हो" म्हटलं. पण लपवून आणलं असतं त्यापेक्षा कमी, हेही म्हटलं.

आता विरोधी पक्षाचं ऐकू या, कारण मंडळाच्या गटावर पुढे बरीच चर्चा झाली.

एकीचं म्हणणं, हे पीकच आहे ना, मग गहू कापला काय आणि हे कापलं काय, हळहळ कशाला? शेतकऱ्याच्या बाजूने हे बरोबर आहे. पाठशाळेत हिंसेचे चार प्रकार शिकलो, संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. त्या बाईचं झाड तोडणं उद्योगी खात्यात जाईल, वडिलांच्या उसासारखंच. पण घेणाऱ्याचं काय? गव्हाने पोट भरतं. झाड आम्ही खाल्लं नाही, जाळून स्वयंपाक केला नाही, घर बांधलं नाही. तेव्हा ते आरंभी खात्यावर टाकायला माझी लेखणी धजत नाही. अमृतचंद्राचार्यांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाया’त गृहस्थाला फार वास्तव सवलत दिली आहे: संसाराला थोड्या एकेंद्रिय जीवांचा घात चुकत नाही, पण त्याच्या पलीकडचा तरी टाळ. पलीकडचा म्हणजे हाच. माझ्या वहीत तो ‘हौस’ या नावाने वेगळ्या पानावर राहील, आणि हौसेचं पान दर वर्षी बघायचं असतं.

दुसरीचं म्हणणं, प्लास्टिकचं घ्या, एकदाच काय ते. मी बी.कॉम. असल्यामुळे आधी हिशोबच केला. 200 डॉलरचं झाड दहा वर्षं टिकलं तर वर्षाचा घसारा 20 डॉलर. खरं झाड दर वर्षी 100. हिशोबात प्लास्टिक जिंकतं, वादच नाही. पण ते पीव्हीसी आणि लोखंडी तारेचं, बहुतेक करून चीनमध्ये बनलेलं, समुद्र ओलांडून आलेलं. कारखान्यात, खाणीत, जहाजाच्या पोटात जे काही मेलं ते आपल्या खतावणीत दिसत नाही. दिसत नाही म्हणून खर्च झालाच नाही, असं कोणता ऑडिटर मान्य करेल? शिवाय ते कुजत नाही. माझं मत असं, घरात आधीच असेल तर अगदी सांगाडा होईपर्यंत वापरा, फॅशन बदलली म्हणून टाकू नका. नवं मात्र घेऊ नका.

कुंडीतलं जिवंत झाड मला सर्वात पटतं. पण त्याचंही पथ्य आहे: घरातल्या उबेत ते आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, नाहीतर थंडी संपली असं समजून ते फुटू लागतं आणि बाहेर नेलं की करपतं. आणि नंतर ते लावायला जागा हवी. अंगणात लिंबाचं झाड आहे त्यालाच दिवे लावू, असं मी सुचवून पाहिलं होतं. "आजी, ते लिंबाचं झाड आहे," असं मला समजावून सांगण्यात आलं.

आणि तिसरा गट, ज्याचा मला थोडा राग आला, तो म्हणजे "आपल्याकडे असलं काही नसतं" म्हणणाऱ्यांचा. नसतं? वटपौर्णिमेला बाजारात वडाच्या फांद्यांचे ढीग येतात, घरात बसून पूजा करता यावी म्हणून. दसऱ्याला आपट्याचं झाड ओरबाडून उघडं करतात. पंचकल्याणकाच्या मांडवाला केळीचे खुंट आपणच बांधतो, बहुतेकदा घड न धरलेले, कारण दिसायला तेच ताजे दिसतात. आणि आमच्या ऊसपट्ट्यात पाचट पेटवतात त्या रात्री किती त्रसजीव जात असतील? साप, बेडूक, पाखरांची घरटी. माझ्या वडिलांनी शेवटची कित्येक वर्षं पाचट न जाळता सरीत दाबलं, तर गावाने त्यांना आळशी म्हटलं. अमेरिकेत दर वर्षी अडीच ते तीन कोटी खरी झाडं विकली जातात आणि एकेका झाडामागे एक ते तीन रोपं लावली जातात, असं तिथल्या उत्पादकांची संघटना सांगते. विकणाऱ्याचा आकडा जरा जपून घ्यायचा असतो, तरी ते निदान मोजतात. आपण वडाच्या फांद्या मोजल्या आहेत कधी? पूर्वी तिकडेही झाडं रानातून बेधडक तोडून आणत. 1901 साली न्यू जर्सीत एका शेतकऱ्याने पंचवीस हजार रोपं लावून पहिली अशी शेती केली, तेव्हापासून ते हळूहळू रानातून शेतात आलं. चित्रातल्या वाटसरूंच्या ओळीत ते लोकही थोडे पुढे सरकले आहेत.

हे सगळं मालकिणीशी बोलता आलं नाही, माझं इंग्रजी तितकं धावत नाही. पण कोठारापाशी झाड बांधून घेताना दोन गोष्टी झाल्या. पहिली, तिथे एका यंत्रावर झाड उभं करून गदागदा हलवतात, म्हणजे सुकी पानं आणि आत बसलेले किडे-कोळी गळून पडतात. मी हलवायच्या आधी बॅटरी मागून आत बघितलं. एका फांदीवर अक्रोडाएवढं तपकिरी, फेस वाळल्यासारखं काहीतरी होतं. ते प्रार्थना-कीटकाच्या अंड्यांचं घर. घरातल्या उबेत त्यातून शेकडो पिल्लं निघतात आणि उपाशी मरतात. ती डहाळी कापून बाहेरच्या झुडपात अडकवायची असते. आम्ही तसंच केलं. एवढं तरी प्रत्येकीने करा, झाड तिकडचं असो की इथली कुंडी.

दुसरी गोष्ट, कोठाराच्या मागे छाटलेल्या फांद्यांचा हा एवढा ढीग पडला होता. लोकांच्या झाडांच्या खालच्या, वाकड्या, नको असलेल्या. फुकट. मी ताडपत्री भरून घेतल्या. घरी येऊन सुतळीने बांधून दाराला तोरण केलं, देव्हाऱ्याच्या कोनाड्याला नव्हे, फक्त दाराला. ते बघून शेजारच्या बाई विचारायला आल्या की हे कोणत्या दुकानातलं.

घरातल्या झाडाची सेवा माझ्याकडे आली. आणल्याबरोबर बुडाचा अर्धा इंच पुन्हा कापावा लागतो, कारण काही तासांत डिंकाने तोंड बंद होतं. मग खोडाच्या जाडीच्या दर इंचाला दिवसाला साधारण एक लिटर पाणी लागतं. पहिल्या दिवशी त्याने चार लिटर प्यायलं. तोडलेलं झाड पाणी पितं, हे बघणं मला सोपं गेलं नाही. रोज सकाळी मी गाळून पाणी घालत होते आणि नातू माझ्यावर हसत होता, पण चौथ्या दिवसापासून गाळणं तोच धरायला लागला. जानेवारीत दिवे-मणी सगळं उतरवून झाड नगरपालिकेच्या गाडीला दिलं. त्याचा भुगा करून बागांत आच्छादन म्हणून टाकतात.

तिकडच्या उन्हाळ्यात, ऑगस्टमध्ये, जावयांनी त्या बाजूला गेले असता फोटो पाठवला. मालकिणीने रांग लक्षात ठेवली होती. आमचा बुंधा, त्यावर हिरव्या फांद्यांचा घेर, आणि डोंगराकडच्या अंगाची एक फांदी टोकाशी वर वळलेली. अजून करंगळीएवढंच वळण आहे. या वर्षी डिसेंबरात त्यांनी काय करायचं, असं लेकीने मागच्या रविवारी फोनवर विचारलं. मी सांगितलं, ढिगातल्या फांद्या आणा, भांड्यात मांडा, त्यालाच दिवे लावा, आणि झाड एक वर्षाआड आणा. मागून नातू ओरडला, "आणि आपला खोडवा कधी तोडायचा?" त्याला म्हटलं, तो आपल्यासाठी नाही, तो दुसऱ्या कोणाच्या घरी जाईल. यावर तो जरा गप्प झाला, मग म्हणाला, निदान त्यांना सांगायला हवं, खाली फांद्या ठेवा म्हणून. पाटी आहे, मी म्हटलं. तर म्हणाला, पाटी आपणही वाचली नव्हती.